सोलर पॅनलची वीज आणि बनवण्याचा खर्च

‘पॅनल बनवायला जेवढी वीज लागते, तेवढी ते जन्मात परत देत नाही’ असा एक मेसेज बरीच वर्षं फिरतोय. शंका रास्त आहे. वाळूसारख्या गारगोटीपासून शुद्ध सिलिकॉन काढायला भट्ट्या प्रचंड तापवाव्या लागतात. सुरुवातीच्या काळात सिलिकॉनच्या चकत्या जाड असायच्या, वाया बरंच जायचं, तेव्हा ही परतफेड खरोखरच लांबायची. आता त्या चकत्या ०.२ मिलिमीटरहून पातळ असतात.

हा हिशोब एकट्या विजेच्या इंजिनिअरचा नाही. भट्टीचं धातुतज्ज्ञ सांगतात, काच, अॅल्युमिनियमची चौकट, वाहतूक यांचं पर्यावरण अभ्यासक. सगळं जोडून उत्तर येतं ते साधारण एक ते दोन वर्षांचं, ऊन कमी असेल तिथे थोडं जास्त.

घरीच ताडून बघा. आपल्याकडे १ किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी ४ युनिट देतो, म्हणजे वर्षाला जवळपास १४०० (पावसाळा धरूनच). बनवण्याचा खर्च हात सैल सोडून ३००० युनिट धरला, तरी सव्वादोन वर्षांत फिटतो. पॅनलची वॉरंटी बहुधा २५ वर्षांची.

आकडा मात्र सोलर इन्व्हर्टरच्या (पॅनलची वीज घरच्या वापराजोगी करणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावरचा, एकूण निर्मितीचा घ्या. वीजबिलात फक्त ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, गेलेली आणि ग्रिडमधून घेतलेली वीज दिसते. दुपारी घरातच खर्ची पडलेली त्यात येत नाही.