पीसी जोडला पण चालूच होत नाहीये? नवीन पार्ट मागवायच्या आधी हे बघा

स्वतः एकेक पार्ट निवडून पीसी जोडायचा, बटण दाबायचं आणि काहीच नाही, की लगेच वाटतं मदरबोर्ड गेला नाहीतर प्रोसेसर जळला. आमच्याकडे असे पीसी येतात तेव्हा बहुतेक वेळा पार्ट धडधाकट असतात, कुठेतरी जोडणी अर्धवट बसलेली असते. त्यामुळे घाईघाईने दुसरा पार्ट मागवू नका, आधी पीसी कुठपर्यंत जाऊन अडतोय ते बघा. अजिबात हालचाल नाही, पंखे फिरून लगेच बंद, आणि पंखे फिरतायत पण स्क्रीन काळी, हे तीन वेगवेगळे प्रॉब्लेम आहेत.

हालचालच नसेल तर पॉवर सप्लायच्या मागचा छोटा स्विच ऑन आहे का बघा, हसू नका, हा खूप वेळा राहतो. मग मदरबोर्डचा २४ पिनचा प्लग दाबा, त्याची कडी अडकलेली दिसली पाहिजे. तरीही नाही, तर कॅबिनेटच्या पॉवर बटणाची वायर काढा आणि बोर्डावर ती जिथे लागते त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर एकदम टेकवा. नेमक्या त्याच दोन पिना, मॅन्युअलमधलं चित्र बघूनच. पीसी चालू झाला तर बटण खराब आहे किंवा वायर चुकीच्या पिनांवर होती, बाकी सगळं ठीक.

पंखे फिरून लगेच बंद होत असतील तर बोर्डाखाली कॅबिनेटमध्ये एखादा जास्तीचा स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर स्क्रूने बसतो तो छोटा खांब) राहिलाय का बघा, बोर्डाला जिथे भोक नाही तिथे तो मागून टेकतो आणि शॉर्ट होतं. पण नवीन बोर्ड पहिल्यांदा किंवा रॅम बदलल्यावर एक-दोनदा आपोआप बंद-चालू होतो ते नॉर्मल आहे. डीडीआर५ रॅम असेल तर पहिल्या वेळी बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करतो, म्हणजे रॅमशी जुळवून घेतो, त्यात स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते, लोक घाबरून मध्येच बंद करतात आणि परत पहिल्यापासून सुरू. दहाएक मिनिटं थांबा.

काळी स्क्रीन हा सगळ्यात जास्त येणारा प्रॉब्लेम. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डला लावा, बोर्डाच्या पोर्टला नाही. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल, उदाहरणार्थ इंटेलचे नावात एफ असलेले, तर बोर्डाच्या पोर्टवर चित्र येणारच नाही. प्रोसेसरजवळचा ८ पिनचा प्लग राहिला तरी पंखे मस्त फिरतात पण पुढे काहीच होत नाही. आणि ग्राफिक्स कार्डचा ८ पिनचा प्लग त्या जागी जबरदस्तीने घुसवू नका, दोन्हींची वायरिंग वेगळी असते.

बऱ्याच बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (ड्राइव्ह) असे चार छोटे एलईडी असतात, जो पेटून राहतो तिथे गाडी अडलीये. डीरॅमचा असेल तर एकच रॅम ठेवा, चार स्लॉट असतील तर शक्यतो प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, आणि दोन्ही टोकं सारखी दाबा. एक टोक वर राहिलेली रॅम वरून बघताना बसलेलीच वाटते, बाजूने बघा. सीपीयूचा असेल तर बायोस (पीसी सुरू करणारा बोर्डातला प्रोग्रॅम) जुना असू शकतो, बी४५० बोर्डावर रायझन ५००० प्रोसेसर लावला की हे होऊ शकतं. बोर्डाला फ्लॅशबॅक बटण असेल तर पेनड्राइव्हवरून अपडेट होतं.

एवढ्यावर झालं नाही तर सगळं बाहेर काढा आणि बोर्ड त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा, चकचकीत अँटीस्टॅटिक पिशवीवर नको, त्यातून करंट जाऊ शकतो. फक्त प्रोसेसर, कूलर, एक रॅम, पॉवर सप्लाय, आणि गरज असेल तर ग्राफिक्स कार्ड. इथे चालला तर एकेक पार्ट वाढवत जा, ज्याच्यानंतर अडला तो धरा. त्याआधी सीआर २०३२ सेल, म्हणजे बोर्डावरचा ३ व्होल्टचा, पाच मिनिटं काढून बायोस रीसेट करून घ्या. प्रत्येक वेळी काहीही काढताना-लावताना वायर भिंतीतून काढलेली हवी.

दोन गोष्टी मात्र अजिबात करू नका. पॉवर सप्लाय उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. आणि जुन्या मॉड्युलर (केबल सुट्या निघणाऱ्या) सप्लायच्या केबल नव्याला लावू नका, प्लग बसतो पण पिनांची मांडणी वेगळी असू शकते, त्याने ड्राइव्ह जळतात.

सॉकेटमधली पिन वाकलेली दिसली तर टाचणीने सरळ करायला जाऊ नका, तसाच आमच्याकडे आणा. येताना कोणता एलईडी पेटतो त्याचा फोटो, पॉवर सप्लायसोबत आलेल्या सगळ्या केबल आणि बिलं घेऊन या. बोर्डासोबत आलेलं सॉकेटचं प्लास्टिकचं झाकण फेकलं नसेल तर तेही आणा, वॉरंटीला पाठवताना बऱ्याच कंपन्या ते मागतात.