डेराशाही कुठून आली: भीमाकाठची छावणी आणि टेबलावरची फौज

सोलापुरातल्या आमच्या छोट्या ग्रुपने टेबलटॉप फँटसी वॉरगेमसाठी एक नवीन फॅक्शन, म्हणजे खेळातली एक फौज, बनवलीय, नाव डेराशाही. रूल्स वाचले की सगळे तेच विचारतात, ही फौज जिंकल्यावर कमजोर का होते बे, हिचे स्वार नदीत उतरले की गायब का होतात, आणि टेबलाच्या मधोमध तो ताडमाड खांब कशाला? ह्याची उत्तरं रूलबुकात दोन ओळींत मावत नाहीत, कारण ती सगळी खऱ्या इतिहासातून आलीयत, आणि तो इतिहास आपल्याच जिल्ह्यात घडलेला आहे.

आधी ह्या छंदाबद्दल थोडक्यात. टेबलावर लढाई खेळायची आयडिया प्रशियाच्या सैन्यातली, १८२४ साली राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशा, फासे आणि पंच वापरून खेळायचे नियम छापले, ते अधिकाऱ्यांच्या ट्रेनिंगसाठी. १९१३ ला एच. जी. वेल्सने ‘लिटल वॉर्स’ लिहून तेच खेळण्यातल्या शिपायांवर, घरातल्या फरशीवर आणलं. १९७१ च्या ‘चेनमेल’मध्ये मध्ययुगीन लढाईच्या नियमांना शेवटी एक पुरवणी जोडली, त्यात ड्रॅगन आणि जादूगार आले, आणि मग १९८३ ला इंग्लंडमधून वॉरहॅमर आलं. त्यातल्या बहुतेक फौजा म्हणजे इतिहासालाच शिंगं लावलेली. ‘एम्पायर’ म्हणजे जर्मनीकडचं पवित्र रोमन साम्राज्य, फुगीर बाह्या नि भाल्यांसकट, टूम किंग्ज म्हणजे इजिप्त, लिझर्डमेन म्हणजे मेक्सिकोकडचे अ‍ॅझ्टेक-माया. त्या जगाच्या नकाशावर पूर्वेला ‘इंड’ असं एक नावसुद्धा आहे, पण त्याची फौज काही कोणी बनवून दिली नाही. म्हटलं आपणच बनवू.

मग कुठलं साम्राज्य घ्यायचं ह्यावर रात्री उशिरापर्यंत भांडणं. पहिलं नाव अर्थातच मराठे. त्याला मीच आडवा पडलो, कारण आपल्या माणसांची फॅक्शन करायला बसलं की हात आखडतो, कुठलाही दोष लिहायला जीव होत नाही, आणि दोष नसलेली फौज खेळायला अत्यंत बोअर असते. दुसरं नाव आदिलशाही, ते जवळजवळ फायनलच होतं. विजापूर इथून शंभरेक किलोमीटर, आपला भुईकोट तर निजामशाही आणि आदिलशाहीच्या भांडणातलं कायमचं हाडूक, चांदबिबीच्या लग्नात आंदण म्हणून दिलेला किल्ला. वर मलिक-ए-मैदानसारखी तोफ, १५४९ ची, पंचावन्न टनांच्या आसपास वजन, तोंडाशी हत्तीला गिळणारं सिंहाचं डोकं कोरलेलं, म्हणजे फँटसीवाल्याला वेगळं काही करायची गरजच नाही. पण नुसती तोफ म्हणजे फॅक्शन नव्हे. तोफ हे एक मॉडेल झालं. फौज कशी विचार करते, कशाला घाबरते, कशामुळे मोडते, हे त्यातून निघेना.

ते निघालं माचणुरात. सोलापुरातून मंगळवेढ्याकडे जाताना चाळीसेक किलोमीटरवर भीमेच्या काठी सिद्धेश्वराचं देऊळ आहे, शेजारी किल्ला आहे, लोक श्रावणात जातात, फोटो काढतात, परत येतात. तिथेच ब्रह्मपुरी. १६९५ ते १६९९ औरंगजेबाचा मुख्य तळ इथे होता, गावाचं नाव बदलून त्याने इस्लामपुरी केलं होतं. म्हणजे चारेक वर्षं काबूलपासून खाली दख्खनपर्यंतच्या अख्ख्या मुघल साम्राज्याचा कारभार मंगळवेढा तालुक्यातून चालत होता! हे शाळेत कोणी धड सांगत नाही, आपल्याकडे त्या सत्तावीस वर्षांच्या मुघल-मराठा युद्धाचा इतिहास किल्ल्यांवरून सांगायची सवय आहे, खाली मैदानात शत्रू कसा राहत होता हे बाजूलाच राहतं.

आणि तो राहत होता ते शहरच होतं, फक्त कापडाचं. ब्रह्मपुरीच्या आधी छावणी कृष्णेकाठी गलगल्याला होती, तिथे १६९५ साली जेमेली करेरी नावाचा इटालियन प्रवासी येऊन गेला, त्याने छावणीतली माणसं पाच लाख धरलीयत आणि घेर तीस मैल. आकडा फुगवलेला असेल असं धरून निम्मा केला तरी विचार करा, अडीच लाख लोक, त्यांची जनावरं, चारा, लाकूड, पाणी, आणि हे सगळं उचलून पुढच्या मुक्कामी न्यायचं. लढणारे त्यात कमीच, बाकी बाजारबुणगे: वाणी, लोहार, भिस्ती, सराफ, खाटीक, हकीम, नाचणाऱ्या, भिकारी. बादशहा १६८१ ला उत्तर सोडून दक्षिणेकडे निघाला आणि १७०७ ला अहमदनगरला मेला, दिल्ली काही परत दिसली नाही. मधल्या काळात छावणीतच पोरं जन्मली, मोठी झाली, शिपाई झाली. त्यांच्यासाठी गाव म्हणजे तंबूच. डेराशाहीच्या लोअरमधली, म्हणजे फौजेच्या काल्पनिक कहाणीतली, पहिली ओळ इथून आली, की ह्या लोकांना घर नावाची गोष्ट माहीत नाही, फक्त पुढचा मुक्काम माहीत आहे.

छावणीची रचना मात्र घिसाडघाईची नव्हती, अजिबात नाही. अबुल फजलने अकबराच्या काळातली छावणी ‘आईन-ए-अकबरी’त लिहून ठेवलीय आणि त्यातली यादी वाचताना मला आर्मी लिस्टच, म्हणजे खेळातल्या फौजेची यादीच, वाचतोय असं वाटत होतं. फक्त बादशाही डेरा हलवायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या. कामाला १००० फर्राश म्हणजे तंबू लावणारे, ५०० बेलदार, १०० भिस्ती, शिवाय सुतार, तंबू शिवणारे, मशालजी, ३० चामड्याचं काम करणारे, १५० झाडूवाले. डेऱ्याचे दोन सेट असायचे, बादशहा एकात झोपलेला असताना दुसरा पुढच्या मुक्कामी जाऊन उभा राहिलेला असायचा, त्याला पेशखाना म्हणत. आमच्या गेममध्ये डेराशाहीचा प्लेयर डिप्लॉयमेंटच्या वेळी, म्हणजे सुरुवातीला फौज मांडताना, एक रिकामा डेरा टेबलावर पुढे कुठेतरी लावून ठेवतो आणि तिसऱ्या टर्नला सेनापती थेट तिथे निघतो, ती जादू नाहीये, ती पेशखान्याची व्यवस्था आहे. जादू आम्ही दुसरीकडे वापरलीय.

एक म्हणजे आकाशदिवा. तंबूंच्या गर्दीत रात्री माणूस हरवू नये म्हणून चाळीस गजांहून उंच खांब, त्याला सोळा दोर, टोकाला मोठा दिवा. हेही आईनमध्येच आहे. आम्ही एवढंच केलं की त्या दिव्यात तेलाऐवजी एक कैद केलेला जिन ठेवला, आणि दिवा पेटलेला आहे तोपर्यंत फौज घाबरत नाही असा रूल लावला. मॉडेल बनवणाऱ्या मित्राने पहिलं डिझाइन आणलं ते पाहून सगळे हसले, कारण तो सरळसरळ गड्ड्याच्या यात्रेतला नंदीध्वज होता, खालच्या सजावटीसकट. संक्रांतीला लहानपणापासून बघत आलेला माणूस, उंच काठी काढ म्हटलं की त्याच्या हातून दुसरं काय निघणार. मग बदलून घेतलं, देवाची गोष्ट देवाकडे बरी.

दुसरी जादू माझी सगळ्यात आवडती, कागदी स्वार. मुघल मनसबदाराला, म्हणजे बादशाही सरदाराला, दोन आकडे मिळायचे, जात आणि सवार. जात म्हणजे त्याचा स्वतःचा हुद्दा आणि पगार. सवार म्हणजे किती घोडेस्वार ठेवायचे ते. कागदावर लिहिलेले आणि हजर असलेले ह्यात इतका फरक पडायला लागला की अकबराने घोड्यांना डाग द्यायची आणि शिपायांचा चेहरा म्हणजे वर्णन लिहून ठेवायची पद्धत आणली, आणि पुढे शहाजहानच्या काळात तर सरकारनेच मान्य केलं की जहागिरीच्याच सुभ्यात नोकरी असेल तर एक तृतीयांश स्वार आणा, बाहेर असेल तर एक चतुर्थांश पण चालतील. म्हणजे वहीत चार हजार आणि मैदानात हजार, तेही अधिकृत! औरंगजेबाच्या शेवटच्या वर्षांत तर मनसबदार जास्त आणि वाटायला जहागिरी कमी, पगार थकलेले. हे वाचल्यावर डोक्यात आलं की ते उरलेले तीन हजार कुठे आहेत? डेराशाहीत ते वहीत आहेत. बक्षी, म्हणजे फौजेची हजेरी ठेवणारा कारकून, दप्तर उघडतो, नाव वाचतो आणि शाईचा स्वार घोड्यासकट उठून उभा राहतो. पॉइंट्समध्ये, म्हणजे फौज निवडताना मोजायच्या किमतीत, अगदी स्वस्त, दिसायला भयानक, पण आग लागली की जळतो आणि पाण्यात विरघळतो. आणि बक्षी मेला तर सगळे एकदम गायब, त्यामुळे समोरचा प्लेयर हत्ती सोडून त्या चष्मेवाल्या कारकुनाच्या मागे लागतो, बघायला लई मजा येते.

पाण्याची भीतीसुद्धा इथलीच. १७०० च्या पावसाळ्याच्या शेवटी छावणी माण नदीच्या काठी खवासपूरला होती, म्हणजे आताचा सांगोला तालुका, दुष्काळी म्हणून आपण ओळखतो तोच. रात्री नदीला पूर आला, तंबू, जनावरं, माणसं वाहून गेली, बादशहा अंधारात उठून पळताना पडला, गुडघा निखळला आणि मरेपर्यंत तो लंगडत राहिला. दरबाऱ्यांनी त्यातही खुशामत शोधली, म्हणे लंगड्या पूर्वजाचा, तैमूरलंगाचा वारसा मिळाला. आमच्या टेबलावर नदी कायम एकच असते, आणि कितव्या टर्नला ती फुगेल ते फासा ठरवतो.

आता तो जिंकल्यावर कमजोर होण्याचा रूल, ज्यावर सगळ्यात जास्त तक्रारी आहेत आणि जो मी काढणार नाहीये. १६९९ ला म्हातारा बादशहा, वय ऐंशीच्या वर, जड सामान आणि कुटुंबकबिला वजीर असदखानाच्या ताब्यात ब्रह्मपुरीला ठेवून स्वतः किल्ले घ्यायला निघाला. सातारा १७०० मध्ये पडला, पण त्या वेढ्यात सुरुंग उलटा फुटून मुघलांचेच दोनेक हजार लोक तटाखाली गाडले गेले. मग पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा. बरेच किल्ले शेवटी किल्लेदाराला पैसे देऊनच घेतले. आणि घेतलेल्या प्रत्येक किल्ल्यात शिबंदी ठेवायची, दाणागोटा ठेवायचा, म्हणजे पुढच्या किल्ल्याला माणसं कमी, आणि छावणी हलली की मागे मराठे हजर. सिंहगड १७०३ ला गेला आणि १७०५ ला परत आला. तेव्हा डेराशाहीने टेबलावरचं एखादं ठिकाण घेतलं की तिथे एक युनिट कायमचं सोडावं लागतं, ते परत हलत नाही. किंवा पॉइंट्स मोजून ठिकाण विकत घ्यायचं, लढाई नाही, पण खजिना रिकामा. चांगला प्लेयर कुठलं ठिकाण घ्यायचं नाही हे आधी ठरवतो. ज्यांना सगळं टेबल रंगवायचंय त्यांनी दुसरी फौज घ्यावी.

समोरची फौज कुठलीही चालते, पण हलक्या घोडदळाविरुद्ध गेम खरा रंगतो. बखरीत संताजी घोरपड्यांची ती गोष्ट आहे ना, १६८९ ला तुळापूरच्या छावणीत शिरून बादशाही डेऱ्याचे दोर कापले आणि सोन्याचे कळस घेऊन पसार. त्यावरून आकाशदिव्याच्या सोळा दोरांचा रूल आला: शत्रूचा स्वार खांबाला भिडला की प्रत्येक टर्नला काही दोर तुटतात, निम्मे तुटले की खांब कलतो, सगळे तुटले की जिन मोकळा, आणि तो दोन्ही बाजूंना सारखाच चिडलेला.

खऱ्या माणसांची नावं आम्ही फॅक्शनमध्ये कुठेच ठेवली नाहीत, धर्म पण नाही. डेराशाहीचे लोक दिव्याला मानतात, एवढंच. औरंगजेबाचं नाव काढलं की आपल्याकडे गप्पा कुठे जातात हे माहितीये, आणि मला फाशांवरून भांडायचंय, त्यावरून नाही. मॉडेल्स रेझिन प्रिंटरवर घरीच काढतो, बाहेरून मागवलेले मिनिएचर म्हणजे छोटे पुतळे कस्टम ड्युटीसकट खिशाला परवडत नाहीत. तंबूंना मात्र खरं कापड आहे, चादरीच्या कारखान्यातल्या कातरणी, त्यामुळे शाही डेऱ्यावर जरा ओळखीची नक्षी दिसली तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

राहता राहिला बंजाऱ्यांचा तांडा. हजारो बैलांवर धान्य लादून हेच लोक फौजांना खायला घालायचे. आमच्याकडे तो कोणाच्याच बाजूचा नाही, टेबलाच्या कडेने आपल्या चालीने चालतो, दोन्ही प्लेयर दर टर्नला झाकलेली बोली लावतात आणि जास्त देणाऱ्याला दाणा मिळतो. डेराशाहीला दोन टर्न दाणा मिळाला नाही तर बाजारबुणगे सामान बांधून निघतात, आणि त्यांच्या मागोमाग खरे शिपाई. कागदी स्वार तेवढे थांबतात, त्यांना भूक नसते.