पीएचडीचा संशोधन आराखडा : नाशिकमधून अर्ज करणाऱ्यांसाठी

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या नाशिकमधल्या काही महाविद्यालयांत मान्यताप्राप्त संशोधन केंद्रं आहेत. त्यामुळे पीएचडीसाठी पुण्यात बिऱ्हाड करावंच लागतं असं नाही.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांनुसार पदव्युत्तर पदवीवर प्रवेश घेणार असाल, तर तिला ५५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रिमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सवलत आहे. त्यानंतर प्रवेश परीक्षा किंवा नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा), आणि मुलाखत. गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, लागू असेल तो जातीचा दाखला आणि नोकरी असल्यास संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र आधीच जमवून ठेवा. लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींनी राजपत्राची प्रतही काढून ठेवावी.

गाइड, म्हणजे संशोधनाचे मार्गदर्शक, ठरवताना पहिला प्रश्न विचारा, "सर, तुमच्याकडे जागा आहे का?" प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थीच घेता येतात. निवृत्तीला ३ वर्षांपेक्षा कमी काळ उरला असेल, तर नवा विद्यार्थी घेता येत नाही.

खरी मेहनत आराखड्याची. "नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादकांच्या समस्या" असा विषय घेऊन गेलात, तर कोणताही जाणता गाइड विचारेल : कोणते उत्पादक, कोणती समस्या, कोणता काळ? त्याऐवजी "निर्यातबंदीच्या काळात लासलगावला माल आणणाऱ्या अल्पभूधारकांनी विक्रीचा निर्णय कसा घेतला?" असं विचारा. मग बाजार समितीच्या आवक-भावाच्या नोंदी आणि शेतकऱ्यांच्या मुलाखती लागणार, हे आपोआप स्पष्ट होतं. माझ्या मते चर्चेला जाताना वीस पानांपेक्षा असा एक प्रश्न आणि दोन पानांचं टिपण पुरे. सोबत 'शोधगंगा' या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात त्याच विषयावरचे प्रबंध चाळून, त्यांत काय राहून गेलंय ते लिहून न्या. मंजूर आराखडे 'शोधगंगोत्री'वर असतात. मांडणी कशी करतात ते तिथे बघायला मिळतं.

गाइडने सुचवलेले बदल त्याच संध्याकाळी ईमेलने त्यांना लिहून पाठवा. महिन्याभराने "मी असं म्हटलंच नव्हतं" हा प्रसंग त्यामुळे टळतो. दोन गाइड असतील तर हे कराच.

आराखडा संशोधन सल्लागार समितीपुढे मांडावा लागतो. समितीने शीर्षक बदलायला सांगितलं तर खचू नका, विषय पक्का करणं हे तिचं कामच आहे. सुधारित प्रतीवर गाइडची सही घ्या आणि केंद्रात जमा करून पोच मागून घ्या.