एक जॅक की दोन? कोरस पेडलच्या निवडीमागची पार्श्वभूमी

इलेक्ट्रिक गिटारसाठी कोरस पेडल, म्हणजे एकाच गिटारचा आवाज दोन वाजत असल्यासारखा करणारा पायाखालचा डबा, घ्यायचं म्हटलं की पहिला वाद हमखास ॲनालॉग की डिजिटल यावरच पेटतो. पेडलला आउटपुटचे जॅक (आवाज बाहेर नेणारी केबल लावायची भोकं) किती, हे मात्र पैसे मोजून झाल्यावर पाहिलं जातं. माझ्या मते कानाला कळणारा फरक या दुसऱ्या जॅकमुळे जास्त पडतो. कोरस पेडलचा इतिहासही बराचसा त्याचाच आहे. आधी दोन जॅक होते, मग एक राहिला, मग दोन परत आले.

फार मागे जायची गरज नाही. हॅमंड ऑर्गनमध्ये कोरसची सोय १९३० च्या दशकातच होती. फिरत्या हॉर्नचा लेस्ली स्पीकर १९४० च्या सुमारास आला. १९६६ मध्ये लंडनच्या एका स्टुडिओत दुसरा टेप रेकॉर्डर किंचित मागेपुढे चालवून एकाच गायकाचे दोन आवाज करण्याची युक्ती निघाली. १९६० च्या दशकाच्या शेवटी जपानमधून आलेल्या युनिव्हाइब या गिटारच्या इफेक्ट यंत्रावर तर ‘कोरस’ असं लिहिलेला स्विचच होता, पण आतमध्ये एक लुकलुकणारा दिवा आणि त्याचा उजेड टिपणारे चार फोटोसेल होते. आज आपण त्या आवाजाला फेझर म्हणू, म्हणजे कोरसपेक्षा वेगळाच इफेक्ट. तेव्हा जुन्या यंत्रावर कोरस लिहिलंय म्हणून ते आपल्या कामाचं असेलच असं नाही.

खरी सुरुवात चिपपासून होते. १९६९ मध्ये नेदरलँड्समधल्या एका मोठ्या विद्युत कंपनीच्या प्रयोगशाळेत दोन संशोधकांनी ‘बकेट ब्रिगेड’ मांडणी शोधली. विहिरीपासून आगीपर्यंत माणसं रांगेत उभी राहून हातोहात बादल्या पुढे देतात, तसा इथे विद्युतभार एका कपॅसिटरकडून पुढच्याकडे सरकतो. आवाज रांगेच्या दुसऱ्या टोकाला थोडा उशिरा पोचतो. सरकण्याचा वेग ठरवणारा क्लॉक कमीजास्त केला की उशीरही कमीजास्त होतो. उशीर वाढत असताना सूर किंचित उतरतो, घटत असताना चढतो. असा डुलणारा आवाज एकटा ऐकला तर व्हायब्रॅटो, आणि मूळ आवाजासोबत ऐकला तर कोरस. पुढची सगळी भांडणं या ‘सोबत’ची आहेत. सोबत म्हणजे नेमकं कुठे? तारेत, की हवेत?

१९७५ च्या रोलंड जेसी-१२० ॲम्पने उत्तर दिलं होतं: हवेत. त्यात ६० वॅटचे दोन स्वतंत्र पॉवर ॲम्प आणि १२ इंची दोन स्पीकर होते. कोरस चालू केला की एका स्पीकरमधून कोरा आवाज आणि दुसऱ्यातून डुलणारा. दोन्ही सर्किटमध्ये कुठेच एकत्र येत नाहीत, खोलीत येतात. म्हणून त्या ॲम्पसमोर उभं राहिलं की आवाज रुंद वाटतो, पण विस्कटत नाही. पुढच्या वर्षी हेच सर्किट ॲम्पबाहेर काढून बॉस या नव्या नावाने सीई-१ विक्रीला आलं. या नावाचं हे पहिलंच पेडल. चांगलं मोठं धूड, थेट भिंतीच्या प्लगवर चालणारं, आत ५१२ टप्प्यांची एमएन३००२ चिप. कोरससाठी एकच इंटेन्सिटीचा नॉब, व्हायब्रॅटोसाठी दोन. आणि आउटपुट दोन. त्याचा इनपुट मात्र गिटारच्या पिकअपला जरा जडच जातो, त्यामुळे वरचे सूर थोडे मळतात. तोच दोष पुढे लोकांना इतका आवडू लागला की कोरस बंद ठेवून नुसत्या प्रीॲम्पसाठी (इनपुटचा आवाज वाढवणाऱ्या आतल्या भागासाठी) सीई-१ वापरणारेही आहेत.

१९७९ मध्ये निळं, हातात मावणारं सीई-२ आलं. ९ व्होल्ट, रेट (डुलण्याचा वेग) आणि डेप्थ (डुलणं किती मोठं) असे दोनच नॉब, १०२४ टप्प्यांची एमएन३००७ चिप. आणि आउटपुट एक. कोरा आणि डुलणारा आवाज आता पेडलच्या आतच मिसळू लागला.

हा निर्णय चुकला का, यावर गिटारवाल्यांचं अजून एकमत नाही. बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं असं की बहुतेकांकडे एकच ॲम्प असतो. दोन ॲम्प आणि दोन केबल वाहणार कोण? शिवाय हवेतल्या मिश्रणाचा सर्वांत मोठा तोटा म्हणजे जागेनुसार आवाज बदलतो. डावीकडच्या खुर्चीवर बसलेल्याला कोरी गिटार ऐकू येते आणि उजवीकडच्याला नुसता व्हायब्रॅटो. सीई-२ मध्ये पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना एकच कोरस मिळतो. हा मुद्दा खोडता येत नाही.

पण किंमत काय मोजली तेही बघायला हवं. दोन सारखेच आवाज तारेत मिसळले आणि त्यांत ५ मिलिसेकंदांचं अंतर असलं, तर १००, ३००, ५०० हर्ट्झ असे ठरावीक अंतरावरचे स्वर एकमेकांना मारतात. अंतर ६ मिलिसेकंदांवर गेलं की पहिला खड्डा ८३ हर्ट्झच्या आसपास येतो. गिटारची सर्वांत जाड ई तार मोकळी वाजवली की तिचा मूळ स्वर असतो ८२ हर्ट्झचा. म्हणजे डुलणारा आवाज त्या टप्प्यावरून जाताना कॉर्डचा तळच सरकतो आणि मग परत येतो. मोनो, म्हणजे एकाच आउटपुटच्या, कोरसवर ई मेजर सावकाश छेडून, डेप्थ वाढवून ऐका. खालची तार दर फेरीला पातळ होताना स्पष्ट कळते. काहींना हीच लाट हवी असते, आणि १९८० च्या दशकातल्या कितीतरी रेकॉर्डिंगवर ती आहे. पण जेसी-१२० समोर उभं राहून जे ऐकलं ते एका जॅकमधून मागणं म्हणजे दुकानदाराशी विनाकारण भांडणं.

रोलंडलाही हे कळत असणार, कारण त्याच १९७९ मध्ये त्यांनी स्टुडिओतल्या रॅकमध्ये बसणारं डायमेन्शन डी हे कोरसचं यंत्र काढलं. त्यावर एकही नॉब नव्हता, फक्त चार मोड निवडायची बटणं. आत दोन डिले लाइन, म्हणजे आवाज उशिरा पोचवणाऱ्या दोन रांगा, आणि एक चढताना दुसरी उतरणारी. दोन्ही डोलणं एकमेकांना तोलून धरतं, त्यामुळे सूर हलल्यासारखा वाटत नाही, फक्त जागा रुंदावते. १९८५ मध्ये हीच कल्पना डीसी-२ या पेडलमध्ये आली. ज्यांना कोरस म्हटलं की बोटीत बसल्यासारखं गरगरतं, त्यांनी या घराण्याकडे बघावं. दरम्यान १९८२ मध्ये सीई-३ ने दुसरा जॅक परत आणला होता. पण सीई-२ ची दंतकथा तोवर तयार झाली होती, आणि सीई-३ आजही तिच्या सावलीत स्वस्त मिळतं.

१९८० च्या दशकात कोरस इतका झाला की वीट आला. अमेरिकेतल्या स्टुडिओ वादकांच्या रॅकमध्ये तो नेहमीचाच, पॉप गाण्याच्या कोऱ्या गिटारवर तो ठरलेलाच. पुढच्या पिढीने तो जुनाट म्हणून टाकला. गंमत अशी की १९९१ मध्ये सिॲटलच्या परिसरातून आलेल्या, सगळं उलटवून टाकणाऱ्या अल्बममध्येही एका रिफवर कोरसच आहे, इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या स्मॉल क्लोनचा. एक नॉब, डेप्थचा एक स्विच, एक आउटपुट. कंपनीचा कारभार तेव्हा काही वर्षं बंद पडलेला होता. पाण्याखालून आल्यासारखा तो आवाज मोनोतच शोभतो, हे मी विरुद्ध पक्षाला आनंदाने देतो.

आता तो ॲनालॉगचा वाद. बकेट ब्रिगेड चिप बनवणाऱ्या जपानी कंपनीने या मालिकेचं उत्पादन थांबवलं आणि पेडलवाल्यांपुढे पर्याय कमी उरले. बॉसचं सीएच-१ १९८९ मध्ये आलं ते ॲनालॉग होतं. २००० नंतर केव्हातरी त्याच निळ्या डब्यात, त्याच नावाने डिजिटल सर्किट येऊ लागलं. खोक्यावर काही नोंद नाही, नॉबही तेच. जुन्या बाजारात लोक अजून मागचे स्क्रू काढून चिप बघतात ते यामुळे. कुरकुर रास्त आहे, पण तिचा गवगवा जास्त झाला. बकेट ब्रिगेडमध्ये क्लॉकची शिट्टी आत येऊ नये म्हणून आवाज आधी आणि नंतर गाळावा लागतो, त्यामुळे डुलणारा भाग जरा मळकट निघतो आणि कोऱ्या आवाजाच्या मागे राहतो. तो गोडवा यातून येतो. डिजिटलमध्ये हा भाग लखलखीत राहतो आणि पुढे पुढे करतो. पण टोन थोडा उतरवला किंवा इफेक्टची पातळी कमी केली की बराच फरक मिटतो. नसलेला दुसरा जॅक कुठल्याही नॉबने आणता येत नाही.

२०१६ मध्ये बॉसनेच सीई-२डब्ल्यू काढलं. पूर्ण ॲनालॉग, सीई-२ आणि सीई-१ दोन्हींचे आवाज, आणि आउटपुट दोन. सदतीस वर्षांनी त्या जुन्या निर्णयाची दुरुस्ती झाली, असं मी म्हणेन. कंपनी तसं म्हणणार नाही.

आपल्याकडे ऑर्केस्ट्रात किंवा कॉलेजच्या कार्यक्रमात गिटार बरेचदा थेट मिक्सरला जाते आणि तिला एकच चॅनेल मिळतं. तिथे स्टिरिओचा, म्हणजे दोन आउटपुटचा, उपयोग नाही, उलट धोका आहे. काही पेडल एका आउटपुटला कोऱ्या आवाजात इफेक्ट मिळवतात आणि दुसऱ्याला तोच उलटा करून मिळवतात. दोन्ही चॅनेल मधोमध आणले की इफेक्ट स्वतःलाच पुसून टाकतो. गिटारवाला स्टेजवर कोरस ऐकत असतो आणि समोर मंडपात कोराच आवाज जात असतो. एकीकडे कोरा, दुसरीकडे डुलणारा अशी मांडणी असेल तर ही भानगड होत नाही, मिसळून साधा मोनो कोरस तयार होतो. म्हणून दोन जॅकचं पेडल घेताना दुकानातच दोन्ही केबल एका छोट्या मिक्सरला लावून, पॅन (आवाज डावीकडे-उजवीकडे सरकवणारा नॉब) मधोमध ठेवून ऐकावं. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्याने किंवा दोन ॲम्प असलेल्याने मात्र एका जॅकच्या पेडलवर पैसे घालू नयेत, अगदी स्मॉल क्लोनचाच आवाज हवा असेल तर गोष्ट वेगळी.

जुनं घेणाऱ्यांसाठी विजेचं थोडं. जपानी बाजारातलं सीई-१ १०० व्होल्टचं असतं, आपल्या २३० वर थेट लावलं तर जळेल. ट्रान्सफॉर्मर वेगळा लागतो. सीई-२ वर अडॅप्टरसाठी ‘एसीए’ लिहिलेलं असेल तर ते जुन्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरसाठी बनवलेलं आहे. नेहमीच्या ९ व्होल्टवर त्याचा दिवा मंद लागतो, कोरसही अशक्त येतो, आणि विकणाऱ्यालाही वाटतं की पेडल बिघडलंय. अशा वेळी भाव करण्याआधी ९ व्होल्टची बॅटरी घालून बघावी.