अक्षरांच्या पायाखालचा स्लॅब

वडिलांचं नेमणूकपत्र आमच्या कपाटात अजून आहे. इंग्रजीत टाइप केलेलं, घड्यांवर पिवळं पडलेलं. परवा ते भिंगाखाली धरलं आणि नजर छोट्या 'आय'वर थांबली. खरं तर हे सगळ्यात किडकिडीत अक्षर, एक दांडी आणि वर टिंब. इथे मात्र त्याच्या पायाशी लांब आडवी पट्टी होती आणि खांद्याशी डावीकडे आणखी एक.

अक्षराच्या टोकांना असलेल्या अशा रेघांना सेरिफ म्हणतात. पुस्तकी टाइपात त्या नाजूक, निमुळत्या असतात. त्या दांडीइतक्याच जाड आणि चौकोनी केल्या की झाला स्लॅब सेरिफ, आपण घरावर टाकतो त्या स्लॅबसारखाच ठोस.

टाइपरायटरला तो का लागला? कळ दाबली की कॅरेज, म्हणजे कागद धरणारा भाग, दर वेळी तेवढंच सरकतं. पायका नावाच्या मापाच्या टाइपात इंचाला 10 अक्षरं. 'एम'ला जेवढी जागा तेवढीच 'आय'ला. 'आय'च्या दोन्ही बाजूंना पडणारी पोकळी पट्ट्यांनी भरून काढली; 'एम'ला मात्र अंग चोरून बसावं लागलं. शिवाय तोच ठोका कमी क्षेत्रफळावर बसला की दाब वाढतो. नाजूक रेघ कागदात रुतली असती. नेमणूकपत्राच्या मागून बोट फिरवलं, तर पूर्णविराम आजही हाताला लागतात, दोन ठिकाणी तर आरपार भोकं आहेत.

ही अक्षरं टाइपरायटरच्या बरीच आधीची. 19व्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या भिंतींवर जाहिरातींची गर्दी झाली आणि लांबून वाचता येईल असं ठळक अक्षर हवं झालं. तिथले टाइप बनवणारे व्हिन्सेंट फिगिन्स यांनी 1815 ते 1817च्या सुमारास छपाईचे असे खिळे ओतले. पुढे या घराण्याला 'इजिप्शियन' नाव पडलं. नेपोलियनच्या 1798च्या स्वारीनंतर युरोपला इजिप्तचं वेड लागलं होतं, एवढाच काय तो संबंध.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो 1845चा क्लॅरेंडन हा टाइप, रॉबर्ट बेस्ली यांच्या फाउंड्रीतला, म्हणजे खिळे ओतण्याच्या कारखान्यातला. यात स्लॅब दांडीला काटकोनात भिडत नाही, हलकं वळण घेऊन मिळतो. त्यामुळे अक्षर ठळक असूनही साध्या मजकुराच्या ओळीत शेजाऱ्यासारखं नांदतं. शब्दकोशातला मूळ शब्द उठून दिसावा म्हणून तो वापरात आला. नोंदणीचं संरक्षण मिळालं ते जेमतेम 3 वर्षांचं. ते सरताच इतर फाउंड्र्यांनी नकला काढल्या.

जाडजूड स्लॅबमध्ये पानंच्या पानं वाचणं डोळ्यांना जड जातं. पण रेघ हलकी ठेवली तर स्लॅब पडद्यावर छान टिकतो. किंडल या ई-पुस्तकं वाचायच्या उपकरणाच्या सुरुवातीच्या यंत्रांवर सिसिलिया हा असाच स्लॅब टाइप होता. त्या भुरकट पडद्यावर बारीक रेघा विरल्या असत्या, त्याच्या सारख्या जाडीच्या रेघा टिकल्या.

आयबीएमच्या टाइपरायटरसाठी 1950च्या दशकात हॉवर्ड केटलर यांनी आखलेला कूरियर तर अजून रोजच्या कामात आहे. हॉलिवूडची पटकथा आजही 12 पॉइंट कूरियरमध्ये लिहितात. प्रत्येक अक्षराला सारखीच जागा असल्यानं पानावर मजकूर साधारण ठरावीकच मावतो, आणि एक पान म्हणजे पडद्यावरचं सुमारे एक मिनिट असा अंदाज पानं मोजूनच बांधता येतो.