कॉकटेल म्हणजे शेवटी पाण्याचा खेळ

घरी कॉकटेल करतो म्हटलं की मित्रांचा पहिला प्रश्न ठरलेला, जिन कुठली, व्होडका कुठली, ड्युटी फ्रीची आहे का. बर्फाबद्दल कोणी विचारत नाही. माझं तर मत झालंय की लिंबू-साखर पडल्यावर साधी जिन आणि भारी जिन यातला फरक भल्याभल्यांना कळत नाही, पण पाणी कमीजास्त झालं की पहिल्या घोटात कळतं. शेकरमध्ये हलवून गाळलेल्या ड्रिंकमध्ये साधारण पाव ते एक तृतीयांश भाग निव्वळ वितळलेलं पाणी असतं. रेसिपीत त्याचा उल्लेख नसतो, पेग मेझरने कोणी ते मोजत नाही, तरी चव तेच ठरवतं.

बर्फ वितळू नये म्हणून लोक फार धडपडतात, पण बर्फ वितळलाच नाही तर ड्रिंक गार होणारच नाही! हिशोब सोपा आहे. १ ग्रॅम बर्फ वितळायला ३३४ ज्यूल उष्णता लागते आणि ती तो ड्रिंकमधूनच ओढून घेतो, एवढ्यात ८० ग्रॅम पाणी १ डिग्रीने गार होतं. तोच १ ग्रॅम बर्फ फ्रीझरमधल्या उणे १८ वरून शून्यावर येताना मात्र जेमतेम ३८ ज्यूल खातो. म्हणजे गारव्यातला ९० टक्के वाटा वितळण्याचा. म्हणूनच ते भरीव स्टीलचे किंवा दगडाचे क्यूब, जे हल्ली प्रत्येक वाढदिवसाला कोणीतरी गिफ्ट देतंच, ते मला बिनकामाचे वाटतात. स्टीलच्या १ ग्रॅमला १ डिग्री तापायला अर्धा ज्यूल पुरतो आणि ते वितळत तर नाहीच, मग गार करणार कशाच्या जोरावर.

आता गंमत बघा, नीट हलवलेलं ड्रिंक थर्मामीटरने मोजलं तर ते शून्याच्याही खाली, उणे ५ च्या आसपास भरतं. लहानपणी मे महिन्यात गच्चीवर पॉट आइस्क्रीम फिरवलं असेल त्यांना यात नवल वाटणार नाही, तिथे बर्फात जाडं मीठ टाकायचो आणि बर्फ पाणी होत होत आणखीच गार व्हायचा. इथे मिठाचं काम अल्कोहोल आणि साखर करतात. त्यांच्यामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली सरकतो, त्यामुळे शून्यावर पोचलं तरी बर्फ वितळायचा थांबत नाही आणि उष्णता खेचत राहतो. १२-१५ सेकंद जोरात हलवलं की हे सगळं जवळपास स्थिरावतं, त्यानंतर हात दुखेपर्यंत हलवून फार काही मिळत नाही. फक्त एक करा, बर्फ बादलीत बराच वेळ पडून असेल तर त्यावरचं पाणी झटकून मग घ्या, कारण ते पाणी ड्रिंक पातळ करतं पण गार फारसं करत नाही, गार करायची ताकद त्याने आधीच बादलीत खर्च केलेली असते.

आणि मग येते आपली मुंबई. जुलैत इथे दवबिंदू २५ डिग्रीच्या आसपास असतो, म्हणजे २५ पेक्षा गार असलेल्या कुठल्याही वस्तूला घाम फुटणार. ग्लासला सुटलेलं पाणी बघून छान गारेगार वाटतं, जाहिरातवाले तर मुद्दाम तसे थेंब दाखवतात, पण तो घाम ड्रिंकचा शत्रू आहे. हवेतली १ ग्रॅम वाफ ग्लासवर पाणी होऊन बसताना अंदाजे २४५० ज्यूल सोडते, म्हणजे साधारण ७ ग्रॅम बर्फ वितळेल एवढी उष्णता! अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या दोन वातावरणशास्त्रज्ञांनी थंड कॅन दमट हवेत ठेवून हेच तपासलं, २०१३ साली ते छापून आलं, आणि निष्कर्ष असा की गरम दमट हवेत कॅन तापवण्यात नुसत्या हवेच्या गरमीपेक्षा या दवाचाच वाटा मोठा असू शकतो. म्हणून मॉस्को म्यूल या व्होडका-जिंजर बिअरच्या कॉकटेलचे ते तांब्याचे मग फोटोला कितीही भारी दिसोत, दादर-माहीमच्या पावसाळ्यात मी दुहेरी भिंतीचा स्टीलचा ग्लास काढतो. दिसायला ऑफिसच्या कॉफीसारखा दिसतो, दिसू दे.

लिक्यूरचं, म्हणजे साखर आणि स्वाद घातलेल्या गोड दारूचं, प्रकरण थोडं वेगळं, तिथे गडबड साखरेची. युरोपच्या नियमाप्रमाणे लिक्यूर म्हणवून घ्यायला लिटरला साधारण १०० ग्रॅम साखर हवीच, सांबुका या इटालियन लिक्यूरला ३५०, आणि काळ्या मनुकांसारख्या दिसणाऱ्या कॅसिस फळाची जी क्रेम द कॅसिस असते तिला ४००. एवढी साखर ३० डिग्रीच्या खोलीत बर्फ-पाणी न घालता चाखली तर सर्दीचं औषध घेतल्यासारखं वाटतं आणि लोक म्हणतात आपल्याला लिक्यूर आवडत नाही. जिभेवरच्या गोड ओळखणाऱ्या पेशींमधली एक यंत्रणा तापमानाप्रमाणे चालते, १५ वरून ३५ डिग्रीकडे गेलं की तीच साखर जास्त गोड लागते. दुसरीकडे अल्कोहोल का जळतं तर मिरचीने तोंडातला जो रिसेप्टर, म्हणजे चटका ओळखणारा सेन्सर, पेटतो तोच अल्कोहोलनेही चाळवतो, एरवी तो ४२ डिग्रीच्या आसपास चटका देतो पण अल्कोहोल असलं की ३४ लाच, म्हणजे आपल्या तोंडाचीच ऊब त्याला चटका वाटते. त्यामुळे क्वांत्रोसारखी ४० टक्क्यांची गोड बाटली सरळ फ्रीझरमध्ये ठेवा, छोट्या ग्लासात घ्या, आधी नुसता गारवा आणि मग हळूहळू संत्र्याची साल वर येते. कॅम्पारी ही कडसर इटालियन लिक्यूर फार कडू लागत असेल तर चिमूटभर मीठ, मीठ कडूपणा दाबतं हे प्रयोगाने माहीत आहे. बेलीज ही क्रीमची लिक्यूर मात्र लिंबापासून लांब ठेवा, आम्लाने त्यातलं दुधाचं केसीन फुटतं आणि ग्लासात चोथा पाणी होतं.

माझी सगळ्यात लाडकी मात्र घरची बडीशेपेची बाटली. लालबागच्या मिरची गल्लीतून बडीशेप आणि चक्रफूल आणायचं, जरा कुटून काचेच्या बरणीत व्होडकात दोन दिवस ठेवायचं, गाळायचं, साखरेचा पाक घालायचा. (हे फक्त मुरवणं आहे, घरी दारू गाळणं बेकायदा आणि धोक्याचं, तिकडे जाऊच नका.) दोन्हींच्या वासाचं मूळ एकच, अ‍ॅनेथॉल नावाचं तेल, ते अल्कोहोलमध्ये विरघळतं पण पाण्यात जवळजवळ नाही. म्हणून बाटलीत सगळं नितळ, आणि ग्लासात गार पाणी ओतलं की क्षणात दुधासारखं पांढरं. अल्कोहोलचं प्रमाण घसरलं की तेलाला जागाच उरत नाही, ते मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या थेंबांत बाहेर पडतं आणि हे थेंब प्रकाश सगळीकडे विखुरतात. ग्रीक ऊझो, तुर्की राकी, फ्रेंच पास्तीस, बडीशेपेच्या वासाच्या या सगळ्या दारूंचा खेळ हाच, शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये त्याला ऊझो इफेक्ट असं नाव दिलं. नवलाची गोष्ट ही की यात ना मिक्सर लागतो ना साबणासारखं काही, आपोआप झालेलं हे मिश्रण बराच वेळ तसंच टिकतं.

लिमोनचेलो ही लिंबाची इटालियन लिक्यूर ढगाळ दिसते तीही याच कारणाने, फक्त तिथे लिंबाच्या सालीचं तेल. इटलीत साल ९५ टक्क्यांच्या स्पिरिटमध्ये भिजवतात, आपल्या दुकानातली देशी व्होडका बहुतेक ४२.८ टक्क्यांची, तिच्यात तेल तेवढं उतरत नाही, म्हणून घरच्या लिमोनचेलोला तो दाट पिवळा ढग येत नाही आणि लोकांना वाटतं काहीतरी चुकलं. चव फिकी वाटली तर साली वाढवा, पण पांढरा भाग अजिबात नको, तो कडू.

बडीशेपेची बाटली फ्रीजमध्ये ठेवल्यावर पाणी न घालताच गढूळ झाली तर घाबरू नका. शुद्ध अ‍ॅनेथॉल २१ डिग्रीच्या आसपासच गोठतं, थंडीत ते अल्कोहोलमध्येही कमी विरघळतं. बाटली ओट्यावर काढून ठेवा, आपल्या हवेत थोड्या वेळात परत नितळ होते, ओतून टाकू नका.