छातीत बसणारा तो ‘धुम्म’ : जुन्या ड्रम मशीनमध्ये वीज कशी वाजते

खान्देशात लग्नसराईत डीजेवर अहिराणी गाणं लागलं की छातीत जो धुम्म बसतो ना, तो खूपदा कुठल्याच ढोलाचा नसतो. त्याच्यामागे कातडं नाही, लाकूड नाही, कुणी माईक लावून रेकॉर्ड केलेला ठोकासुद्धा नाही. त्याचं मूळ आहे जपानच्या रोलंड कंपनीने १९८० मध्ये काढलेलं टीआर-८०८ नावाचं मशीन, आणि आज गाणं बनवणारा पोरगा शिरपूरला बसलेला असो की अमळनेरला, त्याच्या लॅपटॉपवर त्या आवाजांच्या फोल्डरचं नाव बहुतेक ‘८०८’ असंच असतं. मूळ मशीन त्याने कधी पाहिलेलं नसतं, पण आवाज डोळे मिटून ओळखतो.

गंमत म्हणजे हे मशीन बाजारात चाललंच नव्हतं. १९८० ला आलं, १९८३ ला बंद झालं, साधारण १२,००० नग बनले तेवढेच. रोलंडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांना अशी वस्तू हवी होती की एकट्या वादकाला ड्रमरशिवाय गाण्याचा डेमो करता यावा. त्याच वर्षी अमेरिकेत रॉजर लिन यांनी एलएम-१ काढलं होतं, त्यात खऱ्या ड्रमचे आवाज चिपमध्ये साठवलेले होते पण किंमत जवळपास ५,००० डॉलर, कारण तेव्हा मेमरी भयंकर महाग होती. ८०८ हे १,१९५ डॉलरला मिळायचं आणि त्यात एकही रेकॉर्डिंग नव्हतं, प्रत्येक आवाज सर्किटने त्या क्षणी तयार करायचा. लोक म्हणाले हा ड्रमसारखा वाजतच नाही. बरोबरच होतं त्यांचं, नाहीच वाजत. माझ्या मते त्याची सगळी ताकद तिथेच आहे, नक्कल फसली आणि एक नवीन वाद्य जन्माला आलं.

आता तो धुम्म नेमका कसा बनतो ते बघू, कारण खरी मजा त्यातच आहे. आत वीज साठवणारे कपॅसिटर, तिला अडवणारे रेझिस्टर आणि एक अँप्लिफायर यांची अशी जोडणी आहे की तिला विजेचा एक बारीकसा धक्का दिला की व्होल्टेज वर खाली, वर खाली झुलायला लागतं, सेकंदाला साधारण ५० वेळा, आणि हळूहळू शांत होतं. आखाजीला झाडाला बांधलेल्या झोक्याला एकदाच धक्का देऊन सोडून द्या, तो आपल्या लयीत झुलत झुलत थांबतो, अगदी तसंच. झोका किती वेळात एक फेरी मारेल हे दोराच्या लांबीवर ठरतं आणि इथे ते कपॅसिटर-रेझिस्टरच्या मापावर ठरतं. मशीनवर डिके नावाचा नॉब आहे, तो फिरवला की झुलणाऱ्या व्होल्टेजमधला थोडा भाग परत मागे आत दिला जातो, म्हणजे विरून जाणारी ऊर्जा थोडी थोडी भरून निघते आणि आवाज लांबतो. नॉब पूर्ण उजवीकडे नेला की तो ठोका राहतच नाही, लांब घुमणारा सूर होतो, आणि आजच्या हिपहॉपमध्ये आणि आपल्याकडच्या डीजे गाण्यांमध्ये ज्याला नुसतं ‘बास’ म्हणतात तो खूपदा हाच असतो. पारोळ्याच्या एका ऑक्टापॅडवाल्याने हा नॉब पूर्ण फिरवून ऐकला तेव्हा एवढंच बोलला, “हाऊ ठोका लवकर मरस नही भो.”

आणखी एक बारकावा. धक्का बसल्यावर पहिले काही मिलिसेकंद सर्किट मुद्दाम वरच्या फ्रिक्वेन्सीला झुलतं आणि मग लगेच खाली ५० च्या आसपास येतं. ते पहिलं ‘टक’ नसतं तर कानाला ठोका बसल्यासारखा वाटलाच नसता, नुसता हम्म ऐकू आला असता. आणि सूर असा वरून खाली घसरणं आपल्या कानाला काही नवीन नाही, डग्ग्यावर तळव्याचा दाब कमी जास्त करून तबलजी जो घुमारा काढतो त्यातही सूर असाच सरकतो.

५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० झुलणी, अंगाने समजायची असतील तर ऑर्केस्ट्राचा अँप्लिफायर अर्थिंग नीट नसताना जी घरघर करतो ती आठवा, आपल्या घरातली वीजही सेकंदाला ५० वेळाच पुढेमागे झुलते, तिचीच ती घरघर. एवढ्या खालच्या आवाजाची एक लाट हवेत जवळपास ७ मीटर लांब असते. म्हणून तर सबवूफर मोठे लागतात आणि म्हणूनच गल्लीच्या टोकाला गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत तरी बास येतोच, लांब लाटा भिंती आणि कोपऱ्यांना वळसा घालून पुढे जातात. उलट मोबाईलचा स्पीकर बोटाच्या पेराएवढा, त्याला ५० हर्ट्झ झेपतच नाही. तरी फोनवर बास असल्याचा भास होतो, कारण गाणं बनवणारे त्या आवाजाला थोडं डिस्टॉर्शन देतात, म्हणजे तो मुद्दाम जरा फाटका करतात, त्यातून १००, १५०, २०० हर्ट्झचे वरचे सूर तयार होतात आणि मेंदू त्यांच्यावरून खालचा गायब सूर स्वतःच जोडून घेतो. कानाची ही करामत मला आजही थक्क करते.

बाकीचे आवाजही असेच जुगाडाचे, पण विचारपूर्वक केलेले. टाळी घ्या. ८०८ मधली टाळी म्हणजे नुसता खरखराट, स्टेशन न लागलेल्या रेडिओचा येतो तसला, फिल्टरमधून गाळून एकामागोमाग तीनचार झटक्यात सोडलेला आणि मागे थोडी शेपटी. चार माणसं एकाच क्षणी टाळी वाजवूच शकत नाहीत, काही मिलिसेकंद पुढेमागे होतात, तो पुढेमागेपणाच सर्किटमध्ये बसवलाय. हायहॅट आणि झांजेसाठी सहा ओसिलेटर, म्हणजे सतत सूर देणारी सर्किटं, आहेत, सहाही एकमेकांशी मुद्दाम न जुळणाऱ्या सुरात, कारण धातूची झांज वाजते तेव्हा तिच्यातले सूर एका रांगेत नसतातच. त्या सहातलेच दोन घेऊन काउबेल केलीये, साधारण ५४० आणि ८०० हर्ट्झ. आता गंमत बघा, ५४० ला सा धरला तर शुद्ध पंचम ८१० ला यायला हवा, हा ८०० वर आहे, म्हणजे पंचम किंचित उतरलेला. ती काउबेल हजार आवाजांत कानाला टोचते त्यात या उतरलेल्या पंचमाचा हात आहे असं मला वाटतं.

आणि ८०८ मधला तो चुरचुरणारा खरखराट, तो तर चक्क बिघडलेल्या ट्रान्झिस्टरचा, म्हणजे सर्किटमधल्या एका बारीक भागाचा आहे. कारखान्यातून रिजेक्ट झालेले ट्रान्झिस्टर रोलंडने मुद्दाम विकत घेतले कारण त्यांच्यातली खरखर काकेहाशींना हवी तशी होती. पुढे ट्रान्झिस्टर बनवायची पद्धत सुधारली, खराब माल निघायचा बंद झाला आणि सुटे भागच मिळेनात म्हणून ८०८ बंद करावं लागलं. चांगल्या मालामुळे बंद पडलेलं मशीन मी तरी दुसरं ऐकलेलं नाही.

आता सिंथेसायझरकडे, म्हणजे विजेने हवा तो आवाज घडवणाऱ्या वाद्याकडे. रॉबर्ट मूग यांनी १९६४ च्या सुमाराला जी पद्धत बसवली तिचा गाभा असा की सगळं व्होल्टेजने चालवायचं. ओसिलेटर सूर देतो, त्याला एक व्होल्ट जास्त दिला की सूर एक सप्तक वर जातो. मग फिल्टर येतो, तो वरचे सूर कापतो, आणि त्याचाही नॉब व्होल्टेजने फिरवता येतो. १९७० चा मिनीमूग याच तत्त्वावर चालतो आणि त्याचा फिल्टर आजही लोक डोक्यावर घेतात. करवतीच्या दातासारखी लाट घ्यायची, तिच्यात सगळे वरचे सूर ठासून भरलेले असतात, आणि फिल्टर हळूहळू बंद करत न्यायचा, आवाज उघड्या ‘आ’ वरून मिटल्या ओठांच्या ‘ऊ’ कडे जातो. माणसाचं तोंड हेच करतं म्हणून हा आवाज आपल्याला बोलल्यासारखा वाटतो.

पण या मशीनांचा एक शत्रू आहे आणि तो आपल्याकडे मुक्कामालाच असतो, तो म्हणजे उन्हाळा. एक व्होल्टला एक सप्तक हे गणित ट्रान्झिस्टरच्या ज्या गुणधर्मावर बसवलंय तो तापमानावर अवलंबून आहे, दर अंशाला साधारण एक तृतीयांश टक्का फरक पडतो. काहीच काळजी न घेता बनवलेलं सर्किट २० अंशाला सुरात लावलं आणि भुसावळच्या मे महिन्यात ४५ अंशाला नेलं तर फरक आठ टक्क्यांच्या जवळ जातो. म्हणजे सप्तकाच्या बारा पट्ट्यांतली जवळपास एक पट्टी गायब, वरचा सा दाबाल आणि शुद्ध नी ऐकू येईल. अर्थात खऱ्या मशीनमध्ये यासाठी तापमानाबरोबर बदलणारे खास रेझिस्टर आणि जोडीने बसवलेले ट्रान्झिस्टर असतात, तरी थोडं सरकतंच. म्हणून जुन्या मिनीमूगला चालू करून गरम होऊ द्यावं लागतं, आणि रोलंडच्या ज्युपिटर-८ वर तर आपोआप सूर लावून घ्यायचं बटणच दिलंय.

पण हेच सरकणं हवंहवंसंही वाटतं. दोन ओसिलेटर एकाच सुरात लावले, एक ४४० वर आणि दुसरा गरमीने ४४१ वर गेला, तर आवाज सेकंदाला एकदा फुलतो आणि मिटतो. तंबोऱ्याच्या जोडाच्या दोन तारा अगदी तंतोतंत नसल्या तर जी हालचाल ऐकू येते तिच्यामागेही हेच आहे.

आता आपल्याच देशातली एक गोष्ट सांगतो. मुंबईत हिंदी सिनेमासाठी वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये एक रेकॉर्ड काढली, दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर, आणि वापरली तीन मशीनं, ८०८, ज्युपिटर-८ आणि टीबी-३०३. हे ३०३ म्हणजे बास गिटारवाल्याच्या जागी वापरायला काढलेलं आणखी एक न चाललेलं रोलंडचं मशीन. त्याच्यात स्लाइड आहे, एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना व्होल्टेज एकदम उडी मारत नाही, एक कपॅसिटर सावकाश भरत जातो आणि सूर घसरत जातो. राग वाजवणाऱ्या माणसाला हे दिसलं की तो काय करणार, मींड काढणार! पाच वर्षांनी, १९८७ ला, शिकागोच्या पोरांनी त्याच ३०३ वर ॲसिड हाऊस नावाचा नाचाच्या संगीताचा प्रकार काढला आणि जगभर गाजला, चरणजित सिंगांची रेकॉर्ड मात्र कुणाच्या लक्षातही नव्हती, २०१० मध्ये ती परत निघाली तेव्हा लोक चाट पडले. २०१५ मध्ये ते गेले. शेवटची काही वर्षं तरी कौतुक वाट्याला आलं याचा आनंद आहे, पण मराठीत त्यांच्यावर कितीतरी जास्त लिहिलं जायला हवं होतं.

१९८३ ला यामाहाचा डीएक्स-७ सिंथेसायझर आला, सगळं डिजिटल, म्हणजे आवाज आकड्यांच्या हिशेबाने बनणार, सूर हलत नाही, आणि झुलत्या व्होल्टेजवर चालणाऱ्या जुन्या, म्हणजे ॲनालॉग, मशीनांचे भाव धडाधड पडले. सेकंडहँड दुकानात स्वस्तात मिळायला लागली, आणि डेट्रॉईट शिकागोच्या ज्या पोरांकडे नवीन घ्यायला पैसे नव्हते त्यांनी ती उचलली, टेक्नो आणि हाऊस तिथून निघालं. आपल्याकडे त्या काळात आलं ते ऑक्टापॅड आणि कॅसिओ. ऑक्टापॅड १९८५ चा, पहिल्या मॉडेलमध्ये तर स्वतःचा आवाजच नव्हता, दुसऱ्या मशीनला नुसती ठोक्याची खबर द्यायचा. नंतरच्यांत आवाज आले पण ते साठवलेले.

साठवलेला आणि तयार होणारा, यातला फरक कानाला कळतो का? कळतो, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. साठवलेला ठोका दहादा वाजवला तर तोच तो दहादा येतो. ८०८ च्या सर्किटला मात्र पहिला ठोका विरायच्या आत दुसरा धक्का दिला तर व्होल्टेज तेव्हा वर असेल की खाली त्याप्रमाणे नवा ठोका कधी जरा भरून येतो कधी जरा दबतो. शिवाय सुट्या भागांत थोडा थोडा फरक असतोच, त्यामुळे दोन मशीनांचा आवाजही तंतोतंत एक नसतो. सातपुड्यात होळीला मोठे ढोल घुमतात तेव्हाही एकही ठोका आधीच्यासारखा नसतो, आपला कान त्यावरच वाढलाय. जुन्या आठवणींमुळे लोक या मशीनांच्या प्रेमात पडतात हे मला पटत नाही, वीस वर्षांच्या पोराला १९८० ची कसली आठवण असणार.

नंदुरबार नवापूरकडच्या बँडवाल्यांना तर माझं सांगणं आहे की कीबोर्डमधला पावरीचा, म्हणजे भोपळ्याच्या त्या फुंकवाद्याचा, तयार टोन वाजवण्यापेक्षा ॲनालॉग सिंथवर पावरी स्वतः बांधून बघा. चौकोनी लाट घ्या, दुसरा ओसिलेटर खाली एकाच सुरावर धरून ठेवा, फिल्टर अर्धा बंद, फुंकरीसाठी चिमूटभर नॉइज, आणि सुरुवातीला सूर किंचित खालून वर येऊ द्या. भोपळ्याची खरी पावरी होणार नाही, पण जे होईल ते तुमचं असेल.

मशीन घेताना मात्र एक लक्षात ठेवा. जुन्या मशीनांतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने सुकतात, ढोबळ हिशेब असा की दर १० अंश वाढले की त्यांचं आयुष्य निम्मं. चाळीस वर्षांपूर्वीचं मशीन घेऊन ते जळगावात पत्र्याच्या खोलीत ठेवणार असाल तर ते बदलायची तयारी ठेवा, त्यात जपानी मॉडेल असेल तर ते १०० व्होल्टचं असतं, आपल्या २३० वर सरळ लावलं की संपलं, मध्ये ट्रान्सफॉर्मर पाहिजेच. त्यापेक्षा आजकाल त्याच जोडणीवर बनवलेली नवी ॲनालॉग मशीनं मिळतात ती घ्या, त्यांच्यातही वीज तशीच झुलते, आणि वरातीच्या गाडीवर धूळ बसली तरी जीव तुटत नाही.